एकाआड एक गोळी

माझ्या पत्नीच्या फाइलमध्ये डॉक्टरांनी लिहिलं आहे की ती गोळी तिला लागू पडली नाही. हे खरं नाही. ती गोळी तिला पुरती मिळालीच नव्हती.

अंडाशयाचा कर्करोग केमोनंतर उलटला, तेव्हा सोलापूरच्या डॉक्टरांनी ही रोजची गोळी सुरू केली. पेशीच्या आत काही एन्झाइम्स असतात, ती वाढण्याचा निरोप पुढे पोचवतात, आणि या आजारात तो निरोप थांबतच नाही, असं त्यांनी समजावलं होतं. गोळी अशा एन्झाइमला गप्प करते. पण रोज घेतली तरच.

थोड्याच दिवसांत तिचं तोंड आलं, तळहात सोलवटले. भाकरी थापताना ती हात झटकायची आणि पुन्हा थापायची. मला घरात बसवेना. मोटारसायकल काढून माकणीच्या धरणापर्यंत उगाच चक्कर मारून यायचो. डॉक्टरांना फोन करायला हवा होता; ते गोळीच बंद करतील, अशी भीती वाटली. मग मीच एक दिवसाआड तिला तशीच दिसणारी कॅल्शियमची गोळी देऊ लागलो. तोंड बरं झालं, ती ठेचा खाऊ लागली. मी खुशीत होतो.

पुढच्या स्कॅनमध्ये गाठ वाढलेली निघाली. एक वाट अडवली की या पेशी दुसऱ्या एन्झाइमकरवी निरोप धाडतात, तसंच झालं असावं, असं डॉक्टर म्हणाले.

"एक दिस चुकले न्हाय बघा, डॉक्टर," ती म्हणाली.

मी रिपोर्ट गोळा करून पिशवीत घातले.

नंतरची औषधंही थकली. गेल्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, आता देण्यासारखं फारसं उरलं नाही. मला खुर्चीत बसवेना. उभ्यानेच, तिच्यासमोर, सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी फाइल पुन्हा चाळली. तीच गोळी कमी मात्रेत, पण रोज, देऊन पाहू म्हणाले. गुण येईलच असं नाही. तोंड आल्याचं तेव्हाच कळवलं असतं, तर मात्रा तेव्हाच कमी केली असती, असंही ते म्हणाले.

घरी आल्यावर ती म्हणाली, "तोंड माझं आलं हुतं. मला इचारायचं की. म्या सोसलं असतं."

आता गोळ्या तिच्याकडे असतात. आज घेतली का, हे विचारायला जीभ रेटत नाही. मी नुसता अंगणातून आत, आतून अंगणात करत राहतो.