ठसका

मिस्त्रींनी चाळीस वर्षं लोकांचे गळके नळ दुरुस्त केले, आणि अर्धांगाचा झटका आला तेव्हा नेमका त्यांचाच घसा बिघडला. "घ्या! आमचाच वॉशर गेला," असं लुळ्या जिभेनं म्हणून ते पहिल्या आठवड्यात हसलेसुद्धा. नाकात नळी, जेवण नळीतून. बायकोला मात्र एकच ध्यास होता, या माणसानं पुन्हा कपानं चहा प्यावा. दिवसाला सात कप रिचवणारा गडी होता तो!

गिळायचे व्यायाम शिकवायला दवाखान्यात एक ताई होत्या. "हनुवटी खाली. आता गिळा. पुन्हा गिळा." तोंडानं द्यायचं ते पावडर घालून दाट केलेलं, तेही मोजके चमचे. पातळ अजिबात नाही, ते श्वासाच्या नळीत उतरतं. बायकोनं सगळं मन लावून ऐकलं. पण दाट चहाचा पहिला चमचा तोंडात गेला आणि मिस्त्रींनी मान फिरवली. "हा चहा? ही तर खळ!" पुढे ते ओठच उघडेनात.

शेवटी एका दुपारी तिनं धीर करून साधा चहा चमचाभर पाजला. ठसका लागला तर लगेच थांबायचं, असं ठरवूनच. ठसका लागला नाही. दुसऱ्या दिवशी तीन चमचे, आठवड्याभरात अर्धा कप. मिस्त्री एकदाही खोकले नाहीत! बाईला आभाळ ठेंगणं झालं. ताईंना तिनं मुद्दामच सांगितलं नाही. सोमवारच्या तपासणीत त्या आपोआप बघतील, नळी निघेल, मग सांगू. संध्याकाळी मिस्त्रींचं अंग जरा गरम लागायचं, ते तिनं उकाड्यावर ढकललं.

सोमवारी मिस्त्रींना पांढरं औषध पाजून त्यांचा घसा पडद्यावर पाहिला. धार खाली आली आणि निम्मी भलत्याच वाटेला गेली. मिस्त्री खुर्चीत गप्प बसलेले, खोकला नाही की काही नाही.

"बघा, ठसका लागत नाही आता," बायको कौतुकानं म्हणाली.

ताईंचा चेहरा उतरला. "काकू, घशाला कळतच नाहीये हो. ठसका लागला असता तर बरं झालं असतं."

मिस्त्रींच्या ध्यानात आधी आलं. बादलीतली टपटप थांबली की घरमालक खूश व्हायचे, आणि मिस्त्री मात्र पाणी गेलं कुठं म्हणून भिंतीला तळहात लावून बघायचे. "भिंतीत मुरतंय," ते म्हणाले.

"मीच पाजला," बायको म्हणाली. "माझ्या या हातानं."

न्यूमोनिया निघाला. अठरा दिवसांनी मिस्त्री घरी आले ते पोटात थेट बसवलेली नळी घेऊन. ती आता काढायची नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. तोंडानं काही नाही, पाण्याचा थेंबही नाही.

त्यांच्यासमोर चहा प्यायचा कसा? ती न्हाणीघरात गेली, फुरका ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडला आणि कप तोंडाला लावला.

"अगं, नळ," बाहेरून घोगरा आवाज आला. "बंद कर. इथं येऊन पी. वास तरी येऊ दे."

ती कप घेऊन खाटेपाशी बसली. घोट घेतला खरा, पण रडू दाटलेलं, तो घशाखाली उतरेना. मिस्त्री तिच्या गळ्याकडे बघत होते.

"हनुवटी खाली," ते म्हणाले. "आता गिळ."