पहिल्या मानाचे दोन कॉम्प्युटर

आमच्या शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये वीस यंत्रं आहेत आणि त्यांतल्या दोहोंवर पितळेच्या पट्टीत ‘क्रमांक १’ असं कोरलेलं आहे. एक दाराशी आहे, एक खिडकीशी. तपासणीला आलेले साहेब ते बघून हसतात आणि आमचे मुख्याध्यापकही त्यांच्याबरोबर हसतात. मला त्या हसण्याची चीड येते. तीन वर्षं झाली, पण अजून येते.

मी या शाळेत कॉम्प्युटर शिकवते. रत्नागिरीहून एसटीने पाऊण तासावर, खाडीकाठचं गाव आहे. नोकरी कंत्राटी. दर जूनला नव्याने अर्ज करायचा आणि मुख्याध्यापकांनी त्यावर शेरा मारायचा. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी जे केलं नाही ते यामुळेच केलं नाही.

कॉम्प्युटर आले गावाच्या मुंबई मंडळाकडून. गावातले निम्मे पुरुष मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला तेवढे इकडे. त्यांच्यातल्या काहींनी मिळून शाळेला वीस कॉम्प्युटर दिले. त्याआधी आमच्याकडे चार होते, त्यांतले दोन चालायचे आणि दोन टेबलक्लॉथखाली असायचे. टेम्पोतून खोकी उतरताना मला खरंच भरून आलं होतं. मंडळाचे उपकार मी नाकारत नाही. माझं भांडण उपकारांशी नाहीच.

वीस यंत्रांवर एकेक करून सगळं बसवायचं म्हटलं तर दिवाळी तिथेच उजाडली असती. म्हणून एकावर सगळं नीट बसवायचं आणि त्याची जशीच्या तशी नक्कल बाकीच्या एकोणीसांवर उतरवायची. याला आम्ही इमेज टाकणं म्हणतो. भाताच्या एका तरव्यातली रोपं सगळ्या खाचरांत लावावीत तसं ते काम. पण नकलेबरोबर पहिल्या यंत्राचं नावही उतरतं. नाव विचारलं तर वीसच्या वीस यंत्रं एकच नाव सांगतात. त्यामुळे इमेज टाकून झाली की पहिलं काम म्हणजे प्रत्येकाला वेगळं नाव देणं. मी एका शनिवारी बसून वीस बारशी उरकली, दार-१ पासून खिडकी-१० पर्यंत, आणि प्रत्येक यंत्रावर नावाची कागदी पट्टी चिकटवली.

पुढच्याच आठवड्यात मंडळाचे दोन ज्येष्ठ लॅब बघायला आले. त्यांनी पट्ट्या वाचल्या.

“मॅडम, देणाऱ्यांची नावं खंय गेली?”

मी म्हटलं, बाहेरून पाट्या लावू. ते चालेना. कॉम्प्युटर चालू केला की पडद्यावर देणगीदाराचं नाव दिसलं पाहिजे आणि मागे मंडळाचा फोटो. ठीक आहे. मी फोटो घालून नवी इमेज केली आणि दोन दिवस खपून वीसांवर उतरवली. अर्थात माझी दार-खिडकीवाली नावं पुसली गेली आणि वीसही यंत्रं परत एका नावाची झाली. मग मी मंडळाकडे देणगीदारांची यादी मागितली, क्रमाने. इथे माझं चुकलं. ‘क्रमाने’ हा शब्द मी आमच्या गावात उच्चारायलाच नको होता.

गावात दोन वाड्या आहेत, वरची आणि खालची. शिमग्याला पालखी आधी कोणत्या वाडीत न्यायची यावरून पूर्वी डोकी फुटलेली आहेत. शेवटी कोणाच्या तरी आजोबांनी तोड काढली की एक वर्ष वरची, एक वर्ष खालची. ती तोड अजून चालते. पण कॉम्प्युटर काही पालखीसारखे फिरत नाहीत. क्रमांक एक कोणाचा, हा प्रश्न उभा राहिला, आणि त्याच्या आधीचा प्रश्न म्हणजे लॅबमधला पहिला कॉम्प्युटर कोणता. दाराकडची रांग वरच्या वाडीने आपली धरली होती, खिडकीकडची खालच्या.

रविवारी शाळेत बैठक भरली. मुंबईकर फोनवर, फोन स्पीकरवर, स्पीकर खुर्चीवर.

“दारातनं आत आलं की पयला दिसतो तो पयला,” वरची वाडी.

“देवळाच्या अंगाला हाय तो पयला,” खालची वाडी. देवळाच्या अंगाला म्हणजे खिडकीकडे.

मी म्हटलं, तुमचा निकाल लागेपर्यंत मी नुसते आकडे टाकते.

“आकडा म्हंजे मानच की, मॅडम.”

मग अ, आ, इ टाकते.

“अ पयला नाय काय?”

माझं डोकं तापायला लागलं होतं. मी म्हटलं, बरं, माशांची नावं देते. पापलेट, सुरमई, बांगडा. त्यात कोणी पहिला नाही. एक आजोबा शांतपणे म्हणाले, “आनि बांगडा कोणाच्या वाटनीला घालनार?”

सगळे हसले, मीही हसले. त्या हसण्याचा मला आज सर्वांत जास्त राग येतो. बैठकीचा निर्णय असा झाला की मुंबईहून अंतिम शब्द येईपर्यंत कोणत्याही यंत्राला कोणतंही नाव द्यायचं नाही. मुख्याध्यापकांनी तो वहीत लिहून त्याखाली माझी सही घेतली.

याच दिवसांत शहरातल्या एका संस्थेचं पत्र आलं. दहावीनंतरच्या दोन वर्षांच्या कॉम्प्युटर अभ्यासक्रमात आमच्या शाळेसाठी एक जागा, विनाशुल्क. शाळेने आपल्या सर्वांत चांगल्या विद्यार्थ्याचं काम पाठवायचं, ते बघून प्रवेश. पत्र वाचताना माझ्या डोळ्यांपुढे एकच मुलगी होती.

दहावीतली. वडील दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी, आई बाजारात मासळी घेऊन बसायची. मधल्या सुट्टीत बाकीच्या मुली मैदानावर असायच्या तेव्हा ही लॅबच्या दाराशी उभी असायची, मी हाक मारीपर्यंत. एकदा दाखवलेली गोष्ट तिला परत दाखवावी लागत नसे. मी तिच्या आईला बाजारात गाठून जागेबद्दल सांगितलं. आई मासळीवर पाणी मारता मारता म्हणाली, “फुकट आसंल तर जाऊदे, बाई. नायतर दहावी झाली की माझ्याबरोबर टोपली घेईल.” इतकं ते सरळ होतं. जागा मिळाली तर शिक्षण, नाहीतर टोपली.

निवडीसाठी मी दहावीच्या वीस मुलांची एक परीक्षा ठेवली. विषय दिला, ‘आपल्या घराला उपयोगी पडेल असं काहीतरी कॉम्प्युटरवर करा.’ दोन दिवस आधी मुख्याध्यापकांना जाऊन सांगितलं, “सर, यंत्रांना नावं नसताना परीक्षा नको. नेटवर्क गोंधळेल.”

“मॅडम, इतके दिवस चालले ना? मग आणखी दोन दिवस चालतील. मला या गावात राहायचंय.”

मी बरं म्हटलं आणि बाहेर आले. दोन वाक्यं बोलले आणि माझं कर्तव्य संपलं. आणि जे खरं सांगायला हवं होतं ते मलाच आठवत नव्हतं. मुलांनी ‘जमा करा’ हे बटण दाबलं की त्यांचं काम माझ्या कॉम्प्युटरवर येऊन पडायचं. हा छोटासा प्रोग्रॅम मीच जुन्या चार यंत्रांच्या वेळी लिहिला होता. फाईलचं नाव मुलांवर सोडलं तर ती काहीही टाईप करतात, म्हणून तो प्रोग्रॅम फाईलला यंत्राचंच नाव द्यायचा. चार यंत्रं, चार नावं, चार फाइली. आता वीस यंत्रं होती आणि नाव एक. ही चूक माझी आहे, ती मी कोणाच्या गळ्यात घालत नाही.

परीक्षेत मी मुलांच्या पाठीमागून फिरत होते. त्या मुलीच्या पडद्यावर भरती-ओहोटीचं कोष्टक होतं. तिथी घातली की त्या दिवशीची भरतीची वेळ समोर यायची. खलाशी हे बोटांवर मोजतात, तिने ते वडिलांना विचारून कॉम्प्युटरला शिकवलं होतं. खाली मराठीत लिहिलं होतं, ‘बाबांची बोट कधी आत येईल ते आईला कळावं म्हणून.’ मी तिथे थोडा वेळ थांबले. असं काम आमच्या शाळेत कोणी केलं नव्हतं.

ती सगळ्यांत आधी उठली. “झालं, बाई.” बटण दाबलं, माझ्याकडे बघून हसली आणि गेली. मग एकेक करत बाकीची उठली. सगळ्यांत शेवटी उठला एक संथ मुलगा, ज्याने गणपतीच्या आरतीच्या चार ओळी टाईप केल्या होत्या, त्यातही दोन चुका. शिपायाने रोजच्या सवयीने मेन स्विच बंद केला. यंत्रं अशी लावलेली होती की बंद झाली की त्यांच्यावर मुलांनी केलेलं सगळं पुसलं जायचं, म्हणजे खोड्यांचा त्रास नको. हीसुद्धा माझीच हुशारी.

मी माझ्या कॉम्प्युटरवर बघितलं तर वीस फाइलींच्या जागी एक फाईल. उघडली. आरतीच्या चार ओळी.

प्रत्येक नवं काम आधीच्या कामावर जाऊन बसलं होतं आणि जो शेवटी आला तो उरला. जी पहिली आली ती सगळ्यांच्या तळाशी गेली. मी तशीच मुख्याध्यापकांकडे धावले. सांगितलं, माझी चूक झाली, त्या मुलीला एक तास द्या, ती परत करील, तिला सगळं पाठ आहे.

“एकीला दिला तर बाकी अठरांचे बाप उद्या दारात. आणि लॅब आता उघडायची नाही, मुंबईचा शब्द आला, पाट्या बसवणारा आलाय. रविवारी उद्घाटन.”

“मुदत आज पाचपर्यंतच आहे, सर. मग संस्थेला फोन करून एक दिवस मागून घ्या.”

“आणि काय सांगू? मंडळाने दिलेले कॉम्प्युटर बिघडले म्हणून? मुंबईची माणसं गाडीत बसलीत मॅडम.” मग ते जरा हसले. “एकच काम पाठवायचं होतं, एकच उरलं. देवानेच निवड केली म्हणा ना.”

देवाने! वाडीच्या मानापायी वीस यंत्रं बिननावाची ठेवली या माणसाने, आणि नाव घेतलं देवाचं. माझ्या ओठांवर आलं होतं, सर, लाज वाटते का. ते तोंडातच राहिलं. संस्थेचं पत्र त्यांच्या टेबलावर होतं, त्यावर फोन नंबर होता, मोठ्या अक्षरांत. मला तो फोन करता आला असता. शाळेच्या फाटकाबाहेर जाऊन, माझ्या मोबाइलवरून, दोन मिनिटांत. मी जूनचा विचार केला. संध्याकाळी पाचच्या आत आरतीची फाईल संस्थेला गेली.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी लॅबच्या दाराशी उभी होती. “माझं कुठं गेलं, बाई?” मी तिला इमेज, नाव, फाईल असं सगळं नीट समजावून सांगितलं, जणू तो धडाच होता. तिने ऐकून घेतलं. “म्हंजे माझ्यावर एकोणीस जणं बसली,” ती म्हणाली, आणि वर्गात गेली. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

रविवारी उद्घाटन झालं. मुंबईहून अंतिम शब्द आला होता की दोन्ही वाड्यांचा मान पहिला. म्हणून दोन क्रमांक एक. मी म्हटलं, दोन यंत्रांना एक नाव देता येत नाही. “शिमग्यात देता येतो मान, मग याला काय होतंय?” असं उत्तर आलं. नारळ फुटला. मला गुलाबाचं फूल मिळालं. पुढच्या सोमवारी मी दार बंद करून प्रत्येक यंत्राला आतून परत दार-१, खिडकी-१ अशी नावं दिली. पडद्यावर मंडळाचा फोटो ठेवला आणि खाली देणगीदाराचं नाव. आतलं नाव आजपर्यंत एकाही माणसाने बघितलेलं नाही. ज्या नावांसाठी गाव महिनाभर भांडलं ती कुठे असतात हेसुद्धा त्यांना ठाऊक नाही.

संस्थेकडे आमच्या शाळेचं तेवढंच काम होतं, म्हणून जागा आरतीवाल्या मुलाला मिळाली. तो दिवाळीपर्यंत शिकला आणि मग काकाकडे मुंबईला गेला. त्याचा यात दोष नाही, त्याने जागा मागितलीच नव्हती. ती जागा उरलेलं दीड वर्ष रिकामी राहिली.

या जूनमध्ये कंत्राटाचा अर्ज ऑनलाइन भरायचा फतवा निघाला. शाळेचं नेट बंद होतं, म्हणून मी रत्नागिरीत स्टँडजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात गेले. कॉम्प्युटरवर तीच बसलेली. सकाळी आईबरोबर बाजारात, दुपारनंतर इथे, तिने सांगितलं.

“बसा, बाई.”

मी सांगत गेले, ती भरत गेली. बोटं तशीच चपळ. माझं नाव, शिक्षण, किती वर्षं शिकवलं. मग तिचा हात थांबला. रकाना होता, ‘सेवाकाळात विद्यार्थ्यांच्या परीक्षेत वा निकालात आपल्याकडून काही त्रुटी घडली असल्यास तपशील.’

तिने तो मोठ्याने वाचला. माझ्याकडे बघितलं नाही.

“इथं सगळी निरंक घालतात, बाई. घालू?”

दुकानात झेरॉक्स मशीन चालू होतं आणि माझ्यामागे दोन माणसं रांगेत उभी होती. तीन वर्षं मी मुख्याध्यापकांवर चिडले, वाड्यांवर चिडले, त्या पितळी पट्ट्यांवर चिडले. आता माझी पाळी होती आणि बोल लावायला समोर दुसरं कोणीच नव्हतं.

“घाल,” मी म्हटलं.

तिने घातलं. अर्ज पाठवला. मग त्याची फाईल जतन करताना तिने माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तारीख, सगळं एकेक अक्षर तपासून टाईप केलं आणि पेनड्राइव्ह लावून आणखी एक प्रत काढली.

“दोन जागी ठेवलंय, बाई,” ती म्हणाली. “तुमचं नाय जायचं.”