उल्काची दुसरी सही

उल्का, पाकीट उजेडाकडे धरून बघणं आधी थांबव. आत फक्त कागद आहेत. तुझी गोष्ट लिहायला घेतली आणि लक्षात आलं, 'तू' म्हणून लिहिली तर दर ओळीला पुरावा मागशील. म्हणून इथून पुढे तुला 'ती' करते. चुका समासात लिही. लिहिशीलच.

तर उल्का. मूळची नागपूरची, गेली एकोणीस वर्षं कॉर्कजवळ. रिंगास्किडीच्या एका औषध कारखान्यात, गुणवत्ता विभागात. तिथली रीत अशी, की एकाने काम करायचं, दुसऱ्याने शेजारी उभं राहून ते बघायचं आणि दोघांनी सह्या करायच्या. दुसरी सही नसेल, तर पहिल्याने जीव ओतून केलेलं काम झालेलंच नाही. उल्काची सही ही दुसरी सही. कुणी कितीही घाईत असो, ती डोळ्यांनी बघितल्याशिवाय पेन उघडत नाही.

ही सवय कारखान्याच्या फाटकावर ठेवून घरी येता येत नाही. "गॅस बंद केलाय," असं नवऱ्याने, म्हणजे विलासने सांगितलं की ती उठून बघते. आयरिश शेजारीण "यू लुक ग्रँड", म्हणजे छान दिसतेस, म्हणाली, की हिला काय हवंय, याचा विचार दोन दिवस चालतो.

अशा बाईच्या नवऱ्याने एक कॅम्पर ट्रेलर आणला. परत मायदेशी निघालेल्या एका अमेरिकन कुटुंबाचा. दोन चाकं, आत दोन पलंग, एक शेगडी, भांड्यांचं छोटंसं कपाट, म्हणजे इथल्या भाषेत प्रेस. ब्रेक नाहीत.

"इतके दिवस ते ब्रेकशिवाय कसे फिरले?" उल्काने विचारलं.

"फार फिरलेच नाहीत म्हणे."

"का नाही फिरले?"

विलास तोवर वाकून ट्रेलरखाली बघत होता. तो दिवसभर घरी बसून सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे संध्याकाळी त्याच्या हातांना काम हवं असतं. गॅरेजवाला म्हणाला, या अमेरिकन ट्रेलरला विजेचे ब्रेक लागतात आणि त्यांना आपण कधी हात लावलेला नाही. विलासला तेवढंच हवं होतं. "मीच बसवतो. चाकाच्या ड्रममध्ये लोहचुंबक असतो. मी गाडीत बटण दाबलं की वीज जाते, चुंबक ड्रमला चिकटतो, त्याची दांडी ओढली जाते आणि ब्रेक लागतो. आहे काय त्यात?"

"त्यात मागच्या सीटवर स्वरांगी आहे," उल्का म्हणाली. "जुलैत सुट्टीला हा ट्रेलर घेऊन स्लायगोला जायचंय ना? माझी खात्री झाल्याशिवाय माझी मुलगी या गाडीत बसणार नाही."

"मॅम, इट्स ओन्ली अ ट्रेलर," चौदा वर्षांची स्वरांगी म्हणाली. इथली मुलं आईला मॅमच म्हणतात.

"तू गप्प बस."

हे ब्रेक इथल्या नियमांत बसतात का, हे उल्काने तीन ठिकाणी लिहून विचारलं. उत्तरं तीन प्रकारची आली. तिने तिन्ही फाईलला लावली आणि तिचा संशय तिप्पट झाला.

विलास बायकोला ओळखून होता. त्याने कारखान्यासारखाच तक्ता केला. सव्वीस पायऱ्या, प्रत्येकीपुढे दोन सह्यांची जागा. ट्रेलर अंगणात मागे ढकलून लावलेला, जोडदांडी रस्त्याकडे. दोघं दांडीपाशी हत्यारं मांडून उभे राहिले. तीन शनिवार काम चाललं. जॅक लावला, चाक काढलं, ब्रेकची थाळी बोल्टने आवळली, दोन वायरी जोडल्या. उल्काने प्रत्येक बोल्ट स्वतः ओढून बघितला, एक वायर तर उचकटून पुन्हा जोडायला लावली. चाक हाताने फिरवून बटण दाबलं, की थांबायचं. सव्वीस पायऱ्या, बावन्न सह्या.

"झाली खात्री?"

"कागदावर झाली."

रविवारी सकाळी एका रिकाम्या गोदामासमोर चाचणी ठरली. विलास गाडीत, उल्का बाहेर. हळू वेगात यायचं आणि फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. गाडी आली, बटण दाबलं, आणि गाडी आरामात उल्कापुढून निघून गेली. खूप पुढे जाऊन थांबली.

"थांबली की!" विलास खिडकीतून ओरडला.

"थांबली नाही. दमली. परत ये."

तो गाडी मागे घेऊ लागला आणि वैतागून त्याने मागे येतानाच बटण दाबलं. ट्रेलर असा जागच्या जागी खिळला, की प्रेसमधले कप खाली आले. विलास खूश. "बघ! काय धरतात!"

उल्का मात्र हलली नाही. "मागे जाताना एवढे धरतात आणि पुढे जाताना नाही? हे मागे जायचे ब्रेक आहेत का?"

घरी येऊन चाक काढलं. थाळीवर डावीची खूण होती.

"डावी डाव्या चाकाला. बरोबर आहे," विलास म्हणाला.

"कुणाच्या डाव्या?"

दोघं पुन्हा त्याच जागी, दांडीपाशी उभे होते, ट्रेलरकडे तोंड करून. दोघांच्याही डाव्या हाताला जे चाक होतं, ते रस्त्यावर चालणाऱ्या ट्रेलरचं उजवं होतं. दोन्ही थाळ्या उलट बसल्या होत्या. चुंबकाची दांडी पुढे असायची, ती मागे गेली होती.

विलास हसायला लागला. उल्काने तक्ता काढला. नववी पायरी. पहिली सही त्याची, दुसरी तिची, नेहमीसारखी सरळ आणि ठसठशीत.

"अगं, सापडलं ना? अदलाबदल केली की झालं."

"तू चुकलास त्याचं काही नाही. तू चुकणारच. पण मी बघितलं होतं, विलास. शेजारी उभी राहून बघितलं."

थाळ्या बदलल्या. दुसऱ्या चाचणीत ट्रेलर जिथल्या तिथे थांबला, पाच वेळा. विलासने सही केली. उल्काने पेन उघडलं आणि मिटलं. "माझ्या शेजारी उभा न राहिलेला कुणीतरी माणूस हवा," ती म्हणाली. तिसरी सही.

आता पुन्हा 'तू'. त्यासाठी तू मला डून लेरीला फोन केलास, की मावशी, तुमच्या शेजारचा तो डेक्लन घोड्यांचे ट्रेलर दुरुस्त करतो ना, त्याला एक दिवस पाठवाल का? मी म्हटलं, उद्याच विचारते. तू दर आठवड्याला आठवण केलीस आणि मी दर आठवड्याला सांगितलं, युअर मॅन, म्हणजे तुझा तो डेक्लन, बिझी आहे. जुलै गेला, स्वरांगी मैत्रिणीबरोबर बसने स्लायगोला जाऊन आली.

डेक्लन बिझी नव्हता. रोज फाटकावर भेटतो. मीच विचारलं नाही. त्याने सही केली असती, तर तो नक्की कुठे उभा होता, हे तू मला विचारलं असतंस.