खड्ड्याला पाणी

कोणाच्याही घरी गेले की सलीमचाचा आधी मीटर बघत नसत. अंगणात उकिडवे बसून अर्थिंगचा खड्डा शोधत. "बाबू, वायर तं डोयाले दिसते. माती न दिसता सांभायते," म्हणत.

अकोल्यातल्या आमच्या वस्तीत निम्म्या घरांचं विजेचं फिटिंग त्यांचंच. मी दहावीत असताना आमच्या खोलीत दिवा बसवायला आले, तेव्हा दिव्याचं बटण त्यांनी जमिनीपासून हातभर उंचीवर लावलं. बाबा हसले. चाचा म्हणाले, "हसू नका दादा. पोरगं खाली बसून वाचते. उठा लागलं तं ध्यान तुटते." आमच्या घरातला पहिला पदवीधर त्या दिव्याखाली झाला.

पुढे प्राध्यापक झालो, नव्या कॉलनीत घर बांधलं, गेल्या वर्षी इलेक्ट्रिक गाडी घेतली. घरी चार्जर लावायचा तर अर्थिंग पक्कं हवं. सत्तरीतल्या चाचांना मीच बोलावलं. दोन दिवस उन्हात खपून त्यांनी नवा खड्डा केला. तांब्याची पट्टी पुरून कोळसा, मीठ भरलं.

तिसऱ्या दिवशी अमरावतीहून चार्जर बसवणारा तरुण इंजिनिअर आला. आम्ही इंग्रजीत बोलत होतो. चार्जर सुरू केला तर लाल दिवा. अर्थिंग कमी पडत होतं. पायरीवर बसलेले चाचा म्हणाले, "खड्डा कोरडा हाय, बाबू. दोन बादल्या पाणी पाज त्याले."

इंजिनिअरनं त्यांच्या मातकट पायजम्याकडे पाहिलं. "हे तुमचे कोण?"

खरं सांगितलं तर माझी वस्ती उघडी पडेल असं मला वाटलं. म्हणालो, "कोणी नाही. खड्डा खणायला आलेत."

चाचा उठले. स्वतःच दोन बादल्या पाणी ओतलं. थोड्या वेळानं दिवा हिरवा झाला.

"काकांना बरंच कळतं की," इंजिनिअर म्हणाला.

"मले काय कयते? साहेबांनं सांगतलं तसं केलं."

मी काही सांगितलं नव्हतं. आणि त्या दिवसापासून मी त्यांचा बाबू राहिलो नाही.

उन्हाळा संपता संपता ते खाटेला खिळल्याचं कळलं. माफी मागायची म्हणून गेलो. मला पाहून उठून बसायला लागले. मी तोंड उघडण्याआधीच त्यांनी विचारलं, "खड्ड्याले पाणी देता ना, साहेब?"

"देतो," म्हणालो. तेही खोटं होतं. तेवढंच बोलून परत आलो. आठवड्यानं ते गेले.

आता दर रविवारी देतो.