काकूंचं कोरडं पिंप

यात मी चांगली दिसत नाही, म्हणून हे लिहायला वेळ लागला.

ठाण्यापुढच्या दिवा स्टेशनजवळ आम्ही राहतो, तिथे आमच्या समोरच्या खोलीत एक काकू राहतात. त्या मूळच्या रत्नागिरीकडच्या. आम्ही साताऱ्याकडचे, त्यामुळे गणपतीत आम्ही इथेच असतो आणि काकू घरच्यांना घेऊन गावाला जातात. जाताना दुसरी चावी आमच्याकडे देतात. चावी ठेवणाऱ्याने दोन गोष्टी करायच्या असतात. संध्याकाळी देवापुढे दिवा लावायचा आणि नळ येईल त्या दिवशी पिंप भरून ठेवायचं. आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं, पाऊण तास, आणि कधी कधी येतच नाही. रात्रभर एसटीत बसून आलेल्या माणसांना हातपाय धुवायला, चहा टाकायला पाणी मिळावं, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या मजल्यावर हे कुणी कुणाला सांगावं लागत नाही.

त्या वर्षी मी दिवा रोज लावला. पिंप भरलं नाही.

कारण सांगते. बारावीनंतर मला डोंबिवलीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. एका दुपारी काकू डोंबिवलीत खरेदीला आलेल्या. त्यांनी मला झेरॉक्सच्या दुकानापाशी वर्गातल्या एका मुलासोबत हसताना पाहिलं. मॅडमनी तासभर इंग्रजीत शिकवलेलं आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं आणि दोघांनीही समजल्यासारखी मान हलवली होती, म्हणून आम्ही हसत होतो. संध्याकाळी काकू आमच्याकडे आल्या, आईसोबत कोथिंबीर निवडायला बसल्या आणि बाबांच्या देखत म्हणाल्या, "भावोजी, पोरीचं मन अभ्यासात नाही हो. मला चेहऱ्यावरून कळतं."

पुढचा तास झाला नाही तर मुलं बाहेर उभी राहतात, हे आमच्या घरात कुणाला माहीत असायचं कारणच नव्हतं. बाबांनी एकच विचारलं, दुपारी दोन वाजता तू रस्त्यावर होतीस का. मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून कॉलेज बंद. घरी बसून बाहेरून परीक्षा दे, म्हणाले.

गणपती आले तेव्हा मला घरी बसून महिना होत आला होता. त्या महिन्यात मी काकूंचा जितका विचार केला तितका आजवर कुणाचाच केलेला नाही, आईचासुद्धा नाही. त्या घरात शिरल्या की चपला कुठे काढतात, पहिल्यांदा काय मागतात, घसा कोरडा पडला की कोणावर डाफरतात, सगळं मला पाठ झालं. सूड घ्यायचा तर समोरच्याच्या मनात जाऊन बसावं लागतं. मी बसले होते. नळ दोनदा आला. दोन्ही वेळा मी आमची भांडी भरली आणि त्यांच्या दाराकडे पाहत उभी राहिले. आई विचारायची, भरलंस ना गं? मी हो म्हणायचे.

गौरीविसर्जनानंतर काकू परत आल्या त्या दिवशी शुक्रवार होता. बाबांच्या एमआयडीसीतल्या कंपनीला शुक्रवारी सुट्टी असते, त्यामुळे ते घरातच आडवे झालेले. मी दाराच्या फटीतून ऐकत होते. पिंपाचं झाकण वाजलं. मग काका दोन हंडे घेऊन खाली बोअरिंगवर गेले, आणि त्यांच्या मागे कळशी घेऊन काकू. चार मजले. त्यांचा दम मला ऐकू येत होता. मला बरं वाटलं. हे मी लपवणार नाही.

आता त्या भांडायला येतील, अशी माझी खात्री होती. माझं वाक्यही तयार होतं. त्या आल्या. हातात खोबऱ्याच्या वड्यांचा डबा. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आईला म्हणाल्या, "वहिनी, पोरीला बरं नाही का गो? तोंड बघ कसं उतरलंय. आणि तुम्ही तिच्यावर आमचंपण काम टाकलात. राहू दे बाय, आम्ही भरलं पाणी."

मी तिथेच शांत राहायला हवं होतं. आई आधीच शरमेने लाल झाली होती. पण माझा आतून जाळ झाला. म्हणजे परत यांनीच ठरवायचं माझ्या मनात काय आहे ते. मी एवढं केलं, आणि ते केलंय हेसुद्धा यांना कळणार नाही.

"मी मुद्दाम नाही भरलं," मी म्हणाले.

काकूंना वाटलं मी गंमत करते. त्या हसल्या. मग मी सगळं बोलले. झेरॉक्सचं दुकान, कोथिंबीर, त्यांचं ते वाक्य. ठरवलेलं वाक्य काही नीट आलं नाही.

काकू म्हणाल्या, "मी असं कधी म्हटलं गो?"

त्या खोटं बोलत होत्या की खरंच विसरल्या होत्या, मला आजही सांगता येत नाही. महिनाभर त्यांच्या मनात जाऊन बसलेली मी, आणि तेवढंच मला दिसेना. विसरल्या असतील तर ते मला जास्त लागतं. त्यांनी डबा ओट्यावर ठेवला आणि आमच्या खिळ्यावरची त्यांची चावी स्वतःच्या हाताने काढून घेतली. तेव्हा मला पक्कं कळलं की आता त्यांना कळलंय.

आईने मला रडेपर्यंत बोलून घेतलं. बाबा उठून बसले होते. म्हणाले, "एवढं होतं तर मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत. दोन वाजता कुठे होतीस एवढंच विचारलंत."

सोमवारी त्यांनी अर्धी रजा टाकली आणि माझ्यासोबत कॉलेजच्या ऑफिसात आले. क्लार्कने अर्ज लिहायला सांगितला, गैरहजेरीचं कारण नमूद करा म्हणाला. मी पेन धरून थांबले. बाबा हळूच म्हणाले, "लिही, वडिलांची चूक." मी 'घरगुती कारण' लिहिलं. त्यांनी खाली सही केली.

काकूंची चावी आता तिसऱ्या मजल्यावर जाते. आई दर गणपतीत म्हणते, जाऊन माफी माग, तुझं कॉलेज सुरू झालं ना? झालं. मी अजून गेलेली नाही.