वीस बिल्ले आणि अरबी समुद्र

लेथखाली चुरा साठतो ना, तसे आमच्या पिंपरीच्या कारखान्यात किस्से साठतात. रोज झाडले तरी दुसऱ्या दिवशी आहेतच! पन्नासच्या दशकातल्या त्या समुद्रसहलीचे तर मी अजून गोळा करतोय.

परवानगी मागायला गेलो तेव्हा मॅनेजरसाहेबांनी एकच अट घातली. "वीस जण जाताय, वीस परत या. एकोणीस आलात तर पुन्हा सहलीचं नाव काढायचं नाही." आमच्यातल्या निम्म्यांनी समुद्र फक्त कॅलेंडरवर पाहिला होता.

*

पोहता येत नाही त्यांनी आधी पवनेत शिकायचं ठरलं. स्टोअरकीपर सखाराम, देहानं भरभक्कम, पाठीला सुका भोपळा बांधून दर रविवारी नदी ओलांडायचा. महिनाभर आम्ही काठावरून टाळ्या वाजवल्या. मग एका रविवारी पाणी उतरलं आणि कळलं, गडी पोहत नव्हताच, तळावरून चालत होता! त्याला समुद्रात गुडघ्यापर्यंतच पाणी मंजूर झालं.

*

आमचा फिटर बाबल मालवणचा. त्यानं वर्कशॉपच्या फरशीवर खडूनं समुद्र काढला. लाटा कुठे फुटतात, त्यांच्या मधून पाणी माणसाला आत कसं ओढतं, सगळं दाखवलं. ओढीत सापडलात तर सरळ किनाऱ्याकडे यायची झटापट करायची नाही. आडवं पोहायचं, ओढ सुटली की मग वळायचं. दम गेला तर पाठीवर पडून हात वर करायचा.

चिखलीचा दगडू भिंतीला टेकून हसत होता. भर पुरात इंद्रायणी पार करणारा माणूस तो. "आमाला न्हाई गरज," म्हणाला.

तेवढ्यात फोरमन आले आणि हे कसलं ड्रॉइंग म्हणून विचारू लागले.

"अरबी समुद्र, साहेब," बाबल म्हणाला. "टॉलरन्स शून्य. सुताचीही चूक चालायची नाही."

*

अलिबागजवळच्या किनाऱ्यावर उतरलो. दगडू गुडघाभर पाण्यात उभा राहिला, आमच्याकडे वळला आणि नदीपुढे समुद्र कसा किरकोळ, यावर भाषण देऊ लागला. मागून लाट आली. वक्ता थेट आमच्या पायाशी!

बाबलनं त्याला हात देऊन उठवलं. "दर्याक पाठ दाखवू नको," एवढंच म्हणाला.

*

आता आमचे टाइमकीपर नाना. पाण्याची त्यांना इतकी धास्ती, की पवनेच्या घाटाची शेवटची पायरीही ते उतरत नसत. त्यांनी गेटवरचा हजेरीच्या बिल्ल्यांचा फळाच ट्रकमध्ये घालून आणला होता. पाण्यात जाताना आपला पितळी बिल्ला खिळ्याला अडकवायचा, बाहेर आलं की काढून घ्यायचा. आम्ही त्यांची यथेच्छ टिंगल केली.

साडेअकराला नानांची शिट्टी झाली. सगळे बाहेर आले, बिल्ले काढले. फळ्यावर सतरा नंबर लटकत राहिला. म्हणजे दगडू!

लाटांपलीकडे एक डोकं दिसत होतं. दगडू किनाऱ्याकडे जीव खाऊन हात मारत होता आणि आतच चालला होता. बाबलनं हात बाजूला झाडून खुणा केल्या. दगडूला खडूचा समुद्र आठवला असावा. तो वळला आणि आडवा पोहायला लागला. बाबल दोर बांधलेली ट्रकची ट्यूब घेऊन आत गेला, दोराला आम्ही सगळे लागलो. ओढीतून सुटून दगडूनं ट्यूब पकडली तेव्हा आम्ही जो ओरडा केला, तो पिंपरीला ऐकू गेला असेल.

वाळूवर येताच सगळे त्याच्याभोवती जमले. तो धडपडत फळ्यापाशी गेला, सतरा नंबर काढला. "व्हय रं बाबल," म्हणाला, "टॉलरन्स न्हाई."

पण फळा रिकामा झाला नव्हता. मघाशी नसलेला एक नंबरचा बिल्ला आता तिथे लटकत होता.

वळून पाहिलं. दोराच्या सगळ्यात पुढच्या जागी नाना, कोट-टोपीसकट, छातीभर पाण्यात दोर धरून उभे! हाका मारल्यावर निघाले, तेही समुद्राकडे तोंड ठेवून, उलट्या पावलांनी. फळ्यावरून आपला बिल्ला काढला. मग कोटाच्या खिशातून घड्याळ काढलं. त्यातून पाणी गळत होतं.

"सतरा नंबर," नाना म्हणाले, "नऊ मिनिटं लेट."