बाजूची गाडी

बाबांनी उभ्या आयुष्यात कार चालवली नाही. स्टील प्लांटच्या स्टोअर्समध्ये ते क्लार्क म्हणून लागले, तिथूनच रिटायर झाले, आणि सगळी नोकरी टाउनशिपच्या सेक्टरमधल्या क्वार्टरपासून गेटपर्यंत स्कूटरनं ये-जा करत काढली. रिटायर झाल्यावर क्वार्टर लीजवर आमच्याकडेच राहिलं. मी इथल्याच एका खाजगी कॉलेजात शिकवतो, लग्न केलेलं नाही. घरात आम्ही तिघंच.

माझा व्हिडिओ गेम हॉलमध्ये आला त्याच्या आदल्या हिवाळ्यात सिविक सेंटरच्या वळणावर त्यांच्या स्कूटरची आणि एका ऑटोची टक्कर झाली होती. आई मागे बसलेली होती. ती उजव्या हातावर पडली, कोपर मोडलं, प्लेट टाकावी लागली आणि तरी हात पुरता सरळ झाला नाही. बाबांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. ऑटोवाला जवळच्या उतई गावचा होता. बाबांनी तिथल्या तिथे सगळ्यांना सांगितलं की यानं बाजूनं येऊन ठोकलं. लोक जमलेच होते. त्यांनी ऑटोवाल्याला मारलं. मी पोहोचलो तेव्हा आईला दुसऱ्या गाडीत बसवत होते आणि तो माणूस रस्त्याच्या कडेला एका कानावर हात दाबून बसला होता.

त्यानंतर बाबा स्कूटर काढेनासे झाले. रस्त्यावर आता माणसं राहिली नाहीत, जनावरं गाड्या चालवतात, असं म्हणायचे. दिवसभर टीव्हीवर बातम्या लावून बसायचे आणि आईच्या हाताकडे पाहायचं टाळायचे. त्यांचं मन कशात तरी लागावं म्हणून एका रविवारी मी माझ्या खोलीतला गेम हॉलमधल्या टीव्हीला जोडला. कार रेसिंगचा होता. कंट्रोलर कसा धरायचा ते शिकायला त्यांना आठवडा गेला. नंतर तो त्यांच्या हातातून सुटेना.

ते करिअर मोड खेळायचे. इंटरनेट लागत नाही, दुसरं कोणी लागत नाही. लहानशा गाडीपासून सुरुवात करायची, गावातल्या गल्लीबोळातल्या शर्यती जिंकायच्या, मग मोठी गाडी, मोठं मैदान, परदेशातले ट्रॅक. बाकीच्या गाड्या गेमच चालवतो. चुकलं तर एक बटण दाबायचं, सगळं मागे फिरतं आणि वळणाच्या अलीकडून पुन्हा सुरू होतं. बाबा टीव्हीच्या अगदी पुढ्यात प्लास्टिकची खुर्ची ओढून बसायचे. आई म्हणायची, डोळे फुटतील. ते म्हणायचे, जवळून चांगलं दिसते.

आणि ते चांगले चालवायचे, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यांना प्रत्येक ट्रॅकचं प्रत्येक वळण पाठ झालं होतं. घाई करत नसत. ब्रेक ठरल्या जागी, गिअर ठरल्या जागी. क्वचित एखादी गाडी घासली तर ते बटण दाबून मागे जायचे आणि म्हणायचे, "कम्प्युटरच्या गाड्या आंधळ्या आहेत. डायरेक्ट अंगावर येऊन राहिल्या." त्या वर्षाच्या पावसाळ्यापर्यंत त्यांनी पहिली चॅम्पियनशिप जिंकली. स्क्रीनवर त्यांची गाडी फुलांच्या कमानीखाली उभी होती आणि बाबांनी तो टीव्हीचा फोटो मोबाइलवर काढून नागपूरच्या काकांना पाठवला. किती दिवसांनी ते हसले, असं आई मला स्वयंपाकघरात येऊन सांगून गेली.

ऑनलाइनचं मीच काढलं. मी स्वतः ऑनलाइनच खेळायचो, करिअर मोड मला एकट्यानं पत्ते पिसत बसल्यासारखा वाटायचा. बाबांना म्हटलं, खरी माणसं असतात, देशभरातली, हेडफोन लावला तर बोलताही येतं. ते आधी नको म्हणाले. मग दसऱ्याच्या सुटीत स्वतःहून म्हणाले, लाव एकदा, पाहू.

पहिल्याच शर्यतीत ते दुसऱ्या वळणावर कोणाला तरी धडकले आणि गाडी रेतीत गेली. सवयीनं बटण दाबलं. काही झालं नाही. ऑनलाइनमध्ये मागे फिरवायची सोय नाही हे मी सांगायला विसरलो होतो. ते पुन्हा रस्त्यावर आले, पुन्हा ठोकर बसली. हेडफोनमधून कोणीतरी हसत होतं, कोणीतरी शिवी देत होतं. बाबांनी हेडफोन काढून मला विचारलं, हे मुद्दाम करून राहिले का. मी म्हटलं, ऑनलाइनमध्ये काही लोक मुद्दाम ठोकतात, सवय करून घ्या. ही गोष्ट खरीही होती. ठोकणारे असतात, मी रोज पाहत होतो.

पण त्यांना सवय झाली नाही. ते रोज खेळायचे आणि रोज हरायचे. करिअरमधला तो शांत माणूस कुठं गेला ते कळेना. दात आवळून बसायचे. आवाजावरून वय ओळखून पोरं त्यांना अंकल म्हणायची. "अंकल, देख के चलाओ ना यार," असं जवळजवळ प्रत्येक शर्यतीत कोणी ना कोणी म्हणायचंच, आणि बाबा हिंदीत उलट ओरडायचे की तू बघ, तू आलास अंगावर. एके दिवशी त्यांनी अशी शिवी दिली, जी मी त्यांच्या तोंडून जन्मात ऐकली नव्हती. आई भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही, फक्त ताट उचलून आत निघून गेली.

मी म्हटलं, सोडा हे, तुमचं करिअर बरं होतं. ते म्हणाले, तिथं कोण आहे? जिंकलं तरी कोणाले जिंकलं?

दिवाळीनंतरच्या एका दुपारी ते चिडून माझ्या खोलीत आले. एकाच खेळाडूनं त्यांना एका शर्यतीत दोनदा ठोकलं होतं. असल्या माणसाची तक्रार करता येते हे मी कधीतरी बोललो होतो. ते म्हणाले, "मले दाखव, कोनं ठोकलं ते. नाव काढ त्याचं."

मी त्यांच्यासोबत हॉलमध्ये आलो. शर्यत संपल्यावर गेममध्ये तिचा रिप्ले पाहता येतो. हवी ती गाडी निवडायची, हव्या त्या बाजूनं पाहायचं, वरूनही. मी वरून लावलं. बाबांची गाडी निळी होती. वळण येतंय, निळ्या गाडीच्या डाव्या अंगाला एक पांढरी गाडी, दोन्ही अगदी बरोबरीनं. पांढरी सरळ चालली आहे, आपली वाट सोडत नाही. आणि निळी गाडी डावीकडे वळते, जणू तिथं कोणी नाहीच, आणि पांढरीच्या दारावर जाऊन आदळते.

बाबा म्हणाले, "हे उलटं दाखवून राहिलं."

मी दुसरी टक्कर लावली. पुन्हा तेच. आदल्या दिवशीच्या शर्यती काढल्या. कुठं दुसरी गाडी लाल होती, कुठं पिवळी, पण दर वेळी ती बाबांच्या डाव्या बाजूला असायची आणि दर वेळी बाबाच तिच्यावर जायचे. एकदा तर ती बिचारी बाजूला सरकत सरकत गवतात उतरली होती, तरी हे तिच्या मागे गेले होते. मी म्हटलं, बाबा, ही गाडी तुम्हाला दिसली नव्हती का?

"गाडी नव्हतीच तिथं," ते म्हणाले. "रस्ता मोकळा होता."

त्या वेळी आई चहा घेऊन आली होती. ती बाबांच्या खुर्चीच्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर कप घेऊन उभी होती. बाबा स्क्रीनकडे पाहत होते. तसंच पाहत त्यांनी आत आवाज दिला, "अवो, चहा झाला का?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी तिला खुणेनं गप्प राहायला सांगितलं आणि बाबांना म्हटलं, नजर टीव्हीवरच ठेवा. मी उठून आईच्या जागी गेलो आणि हात हलवला. पुढे पुढे आणत गेलो. हात जवळजवळ टीव्हीच्या काठाशी आला तेव्हा ते दचकून म्हणाले, हे काय. उजव्या बाजूला थोडं बरं होतं, पण तेही थोडंच.

रायपूरच्या डॉक्टरांनी त्यांना एका पांढऱ्या घुमटासारख्या मशीनमध्ये हनुवटी टेकवून बसवलं. उजेडाचा ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी बाहेरून बटणाचा टकटक आवाज ऐकत होतो. मधेच खूप वेळ आवाज यायचा नाही. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, बऱ्याच वर्षांपासूनचा. दुखत नाही, लाल होत नाही, म्हणून कळत नाही. जी नस मेली ती परत येत नाही, उरलेली वाचवायचा प्रयत्न करू. मी विचारलं, यांना तिथं अंधार दिसत असेल ना? ते म्हणाले, नाही. मेंदू ती जागा आजूबाजूच्या चित्रानं भरून काढतो. रस्ता असला तर रस्ताच दिसतो, मोकळा.

कम्प्युटरच्या गाड्या त्यांना चुकवत होत्या, म्हणून इतके महिने काही कळलं नव्हतं. तो गेमच तसा लिहिलेला असतो. माणूस आडवा आला तर वाट सोडायची.

परतीच्या गाडीत बाबा खिडकीपाशी बसले होते. वाटेतलं कुम्हारी मागे गेलं तेव्हा त्यांनी विचारलं, "ऑटो कोणत्या बाजूनं आली होती?"

आई कोपर मांडीवर धरून बसली होती. ती म्हणाली की डावीकडून. ती बाजूनं सरळच चालली होती. तुम्ही वळले.

"तवा कावून नाही बोलली?"

"मले वाटलं, तुमाले दिसली असंल."

घरी आल्यावर बाबांनी स्कूटरची चावी माझ्या टेबलावर आणून ठेवली. मग एका रविवारी म्हणाले, उतईला चाल.

ऑटो स्टँडवर विचारत विचारत आम्हाला तो माणूस बाजारामागच्या वस्तीत सापडला. त्या टकरीनंतर त्यानं ऑटो सोडली होती, कारण डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं आणि मागून येणारा हॉर्न कळत नव्हता. आता दुसऱ्याच्या शेतावर कामाला जात होता. आम्ही गेलो तेव्हा तो अंगणात खाट विणत होता. चाळिशीचा असेल. बाबांना त्यानं लगेच ओळखलं आणि उठून उभा राहिला. बाबांना तो आधी दिसलाच नाही. मी त्यांची मान धरून वळवल्यासारखं त्यांना त्याच्याकडे वळवलं.

बाबा हिंदीत हळू आवाजात म्हणाले की त्या दिवशी चूक माझी होती. त्याला ऐकू गेलं नाही. त्यानं चांगला कान पुढे केला. बाबांना तेच पुन्हा, मोठ्यानं म्हणावं लागलं. "गलती मेरी थी. मुझे दिखा नहीं था." शेजारच्या दारात दोन बाया येऊन उभ्या राहिल्या. त्यांनाही ते ऐकू गेलं.

तो माणूस जरा वेळ बाबांच्या डोळ्यांकडे पाहत राहिला. मग छत्तीसगढीत म्हणाला, "अब काबर बतावत हव, बाबूजी?" आता कशाला सांगता.

बाबांनी डोळ्यांचं सांगितलं. नस मेली, कोणाला माहीत नव्हतं, मलाही नाही. ते सांगताना त्यांचा आवाज असा झाला होता, जणू माफीऐवजी कारण दिल्याची त्यांनाच लाज वाटत होती. तो म्हणाला की मार खाताना मी तेच ओरडत होतो, यांना दिसलं नाही, यांना दिसलं नाही. एवढंच बोलून तो पुन्हा खाटेशी बसला आणि विणायला लागला. त्यानं आम्हाला बसा म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. बाबा थोडा वेळ उभे राहिले. मग मीच त्यांचा हात धरून त्यांना बाहेर आणलं.

त्यानंतर त्यांनी गेमबद्दल मला एकदाच विचारलं. त्या कम्प्युटरच्या गाड्या मला पाहून बाजूला होत होत्या ना? मी हो म्हटलं. खोटं बोलावं असं मनात आलं होतं, पण आता त्याचा काही उपयोग नव्हता.

"मंग मिटवून टाक ते करिअर," ते म्हणाले.

मी मिटवलं. गेमनं दोनदा विचारलं, खरंच मिटवायचं का. बाबा शेजारी बसून होते, कंट्रोलर माझ्या हातात होता.

आता त्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब रोज घालतो. तरी उन्हाळ्यातल्या तपासणीत उजव्या डोळ्याची नजरही आणखी गेल्याचं दिसलं आहे. नळीतून पाहावं तसं त्यांना दिसतं. संध्याकाळी सेक्टरच्या रस्त्यावर जुने सोबती बाजूनं जाताना नमस्कार करतात, हे पाहत नाहीत, आणि काही जणांना वाटतं की रिटायर झाल्यावर माणूस शिष्ट झाला. आई एकेकाला थांबवून सांगत होती, मग तिनंही सोडलं. हे वारशानं येतं असं डॉक्टरांनी सांगितल्यावरून माझेही डोळे तपासले. डोळ्यांतलं प्रेशर जास्त निघालं. एका बाटलीतले थेंब आता आम्ही दोघं घालतो.

सकाळी ते पेपर घेऊन बसतात. एक शब्द दिसतो, पुढचा शोधावा लागतो, ओळ बदलली की हरवतात. बोट ठेवून ठेवून वाचतात. आई म्हणते, द्या, मी वाचते. ते देत नाहीत. अर्ध्या तासानं पेपर घडी करून तिच्यासमोर सरकवतात आणि ती पहिल्या पानापासून वाचायला लागते.